दोन्ही पेपरांत आलेली बातमी

"दोन्ही पेपरात आलं तरच फळ्यावर घेजो, सूनबाई. एकात आलं तं वाचजो, अन् चूप राह्यजो."

सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण खडू हातात घेतला की सुमित्राबाईंना पहिले हाच आवाज ऐकू यायचा. सासऱ्यांना त्या मामाजी म्हणत. मामाजी हातमागावर लुगडी विणणारे. शाळा चौथीपर्यंतची, पण छापलेला कागद दिसला की पुडीतले फुटाणे बाजूला ठेवून पहिले पुडी वाचणारा माणूस. अड्याळच्या पलीकडं खैरटोल्यात मारुतीच्या देवळाला लागून भिंत आहे, तिच्यावर त्यांनी सिमेंटचा काळा फळा करून घेतला आणि गावाला रोज बातम्या लिहून द्यायला लागले. गावात तेव्हा दोनच पेपर यायचे. 'पूर्वदीप' भंडाऱ्याकडून सकाळच्या एसटीनं, अन् 'झाडीवार्ता' साकोलीकडून लाखनीला उतरून पुढं दूधवाल्याच्या मोटारसायकलवर. दोन्ही पेपरांचं एकमेकांशी हाडवैर. याच्या संपादकानं त्याला दलाल म्हणावं, त्यानं याची अक्कल काढावी, असं चालायचं.

मामाजींना ते भांडण फार आवडे. म्हणायचे, "हे दोघं एकमेकाचं तोंड पाहत नाहीत. असे दोघंजण एकच गोष्ट सांगून राहिले, तं ते खरी असन."

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सारं गाव चौकात तेच बोलत होतं, रेडिओ सांगत होता, 'पूर्वदीप'नं पहिल्या पानावर घेतलं होतं. पण त्या दिवशी दूधवाल्याची गाडी बिघडली, 'झाडीवार्ता' आला नाही. मामाजींनी फळ्यावर फक्त धानाचा भाव लिहिला. लोक हसले. "काय जी मामाजी, गोंदिया अजून जुन्याच जिल्ह्यात ठेवता का?" दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर आला, तेव्हाच गोंदिया फळ्यावर वेगळं झालं.

ते गेल्यावर फळा सुमित्राबाईंकडं आला. नवरा भैय्यालाल मागावर बसायचा आणि बाजाराच्या दिवशी अड्याळला लुगडी विकायला न्यायचा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरल्यासारखं. सुमित्राबाईंचं अक्षर देवळातल्या पोथीसारखं. त्यांनी या कामाला व्रत करून घेतलं. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढं दिवा, आणि तेव्हापासून फळा लिहून होईपर्यंत मौन. तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. फळ्याची शेवटची ओळ झाली की खडू खाली ठेवून हात जोडायचे, मगच पहिला शब्द.

गावाला त्या मौनाची सवय झाली. मागं उभं राहून लोक वाचत, आपसात थट्टा करत, पण त्यांना कोणी काही विचारत नसे. आणि एकदा लिहिलं की वाद संपला. पानठेल्यावर दोघं भांडायला लागले की तिसरा म्हणे, "फळ्यावर आलं का?" आलं असलं तर एकजण गुमान उठून जाई.

मग एका वर्षी दिवाळीच्या मागंपुढं दोन्ही पेपर एकाच जीपनं यायला लागले, एकाच सुतळीत बांधलेले. सुमित्राबाईंना बरंच वाटलं. दूधवाल्याची वाट पाहणं संपलं, तोंडात पाणी लवकर पडू लागलं. पेपरांतलं भांडणही थांबलं होतं. वय झालं की माणसं निवतात, तसे पेपरही निवले असतील, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी देवाला त्याबद्दलही हात जोडले.

होळी होऊन गेली आणि तलावातले मासे मेले.

वरच्या अंगाला, सडकेजवळ, धानाच्या कोंड्याचं तेल काढायचा कारखाना दोनेक वर्षांपासून उभा होता. मालक नागपूरचा कोणी शेठ. कारखान्याचं काळं पाणी नाल्यातून तलावात उतरे. त्याविरुद्ध बोलणारा एकच माणूस, मच्छीमार संस्थेचा गोमाजी ढिवर. म्हातारा मोठा तोंडाळ अन् मोठा गमत्या. प्लास्टिकच्या बाटलीत ते काळं पाणी भरून घेऊन पवनीच्या तहसीलपासून गावच्या पानठेल्यापर्यंत हिंडायचा, आणि भेटेल त्याच्यापुढं बाटली धरायचा, "घे गा, थंडा पी. कंपनीचा हाय, फुकट हाय." लोक हसत, नाक दाबत, आणि पुढं जात.

मासे पोटं वर करून काठाला लागले, तेव्हा साऱ्या ढिवर मोहल्ल्याची वर्षाची रोजी पाण्यावर पडली होती. तीन सकाळी गावात वासाशिवाय दुसरं काही नव्हतं. बायका पदर नाकाला लावून हापशीवर जात होत्या. चौथ्या सकाळी पेपर आले.

'पूर्वदीप'नं लिहिलं होतं: संस्थेतील वादातून तलावात विष, जुन्या सदस्यावर संशय. 'झाडीवार्ता'नं लिहिलं होतं: विषप्रयोगाने हजारो मासे मृत, गोमाजीवर बोट. दोन्हीकडं फोटो, गोमाजी तलावाच्या पाळीवर हातात बाटली घेऊन उभा. दोन्हीकडं शेवटचं वाक्य: 'ग्रामस्थांत तीव्र संताप आहे.'

सुमित्राबाईंनी दोनदा वाचलं. मन मानत नव्हतं. पण मामाजींनी मन विचारायला सांगितलं नव्हतं, दोन पेपर पाहायला सांगितलं होतं. त्यांनी खडू घेतला.

अर्धी ओळ झाली असेल, तेवढ्यात गोमाजीची बायको देवकाबाई धावत आली. अनवाणी, केस सुटलेले. पेपर आल्याबरोबर कोणीतरी तिला घरी जाऊन सांगितलं होतं.

"काकू, नाव नोका लिहू त्याहिचं. काकू, तुमी तं ओळखता ना जी त्याहिले. तुमच्या दारी कितीदा बसले. काकू, माझ्याकडं पाहा तं."

सुमित्राबाईंचा हात थांबला. मौन होतं. बोलायचं तर व्रत मोडतं, आणि अर्ध्यावर सोडायचं तर फळा अर्धा राहतो. त्यांनी डावा हात मागं करून हवेत हलवला, थांब, थांब, होऊ दे, मग बोलतो. देवकाबाईला तो हात चालती हो म्हणाल्यासारखा दिसला. ती आल्या पावली परतली. ओळ पुरी होऊन सुमित्राबाईंनी खडू ठेवला, हात जोडले आणि वळून "देवका" अशी हाक मारली, तेव्हा देवळापुढं दुसरेच लोक उभे होते आणि वाचत होते.

त्या सकाळपर्यंत गावात संताप नव्हता. तो फळा वाचल्यावर आला.

"आत्ता कळलं बाटली घेऊन काहून हिंडे तो," पानठेल्यावरचा एकजण म्हणाला. ज्याच्यापुढं गोमाजीनं ती बाटली धरून थट्टा केली होती तोच. "आपल्याले दाखवून दाखवून हिंडे, बाप्पा."

"मले वाटे कारखान्याचं पानी हाय."

"तो तसंच म्हने ना! पेपरवाले का येडे हायेत? अन् दोन्ही?"

पोलिसांनी गोमाजीला अड्याळच्या ठाण्यात नेलं, विचारलं, आणि काही हाती लागलं नाही म्हणून संध्याकाळी सोडून दिलं. ते कोणत्याच पेपरात आलं नाही, म्हणून फळ्यावरही आलं नाही. संस्थेनं त्याचं नाव कमी केलं. त्याच्या जातीतल्या लोकांनीच त्याचं जाळं तलावाच्या पाळीवरून उचलून त्याच्या दारात आणून टाकलं. दुकानदार त्याला पाहून आत जाऊ लागला. एवढा बोलका म्हातारा; त्याच्याशी बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून भिंतीला टेकून दिवसभर सुतळी वळत बसू लागला. वळलेली उकलायची, पुन्हा वळायची.

देवकाबाईच्या घरी त्यातच लेक रुपा पहिल्या बाळंतपणाला आलेली. तिला मुलगी झाली. हे सुमित्राबाईंना कळलं ते शकुनबाईकडून. शकुनबाई शेजारची, गावातली कोणतीही गोष्ट तिच्या दारावरून गेल्याशिवाय पुढं जात नाही.

"पोरगी झाली म्हने व. पन सासरचे पाहाले आले नाही. लाखनीचे हायेत ते. तिकडं नाही का जात पेपर?"

सुमित्राबाई रोज फळा लिहीत होत्या, पण हात जोडल्यावर पहिला शब्द काय बोलावा ते त्यांना सुचेना. बाजाराच्या दिवशी त्या भैय्यालालबरोबर अड्याळला गेल्या. तो लुगडी मांडून बसला, आणि त्या एसटी स्टँडजवळच्या संजीवच्या दुकानात गेल्या. संजीव झेरॉक्स काढायचा, पासपोर्ट फोटो काढायचा, आणि 'पूर्वदीप'चा या भागातला वार्ताहर होता. गोमाजीच्या बातमीखाली त्याचं नाव होतं.

"या काकू, बसा. चहा सांगू?"

"उपास आहे. संजीव, गोमाजीची बातमी तू लिहिली का रे?"

त्यानं मशीन बंद केली. बाहेर कोणी आहे का पाहिलं.

"नाव माझं आहे. लिहिली मी नाही. मी काळ्या पाण्याची पाठवली होती, फोटोसकट. गोमाजीनं बाटली धरून दाखवली, तो फोटो. त्यांनी फोटो तोच ठेवला. बातमी दुसरी लावली."

"कोणी?"

"नागपूरच्या ऑफिसनं."

"हे 'पूर्वदीप'चं झालं. मग 'झाडीवार्ता'ले कोणी दिली?"

संजीवनं खुर्ची जवळ ओढली. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्याचं त्याला ठाऊक.

"काकू, दुसरा पेपर आहे कुठं आता? दोन्ही शेठनं घेतले. ऑफिस एक, मशीन एक. मी एक बातमी पाठवतो, ती दोन्हीकडं लागते. हेडिंग तेवढं बदलवतात, वाचणाऱ्याले दोन वाटावे म्हणून."

"कोणत्या शेठनं?"

"कारखाना कोणाचा आहे?"

बाहेर साकोलीच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता. सुमित्राबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आधी काहून नाही सांगतलं?"

"कोणाले सांगू? मी दुकानावर पेपरची जाहिरात घेतो, तिच्यावर घर चालते. अन् सांगून काय होते? ज्यात सांगायचं तेच त्याचे." मग जरा थट्टेनं, जरा चिडून तो म्हणाला, "तुमच्या फळ्याचं तर ऑफिसात मोठं कौतुक आहे. खैरटोल्यात म्हणे आपली बातमी भिंतीवर लिहितात, अन् गाव ते देवाच्या जागी मानते. एवढं तर पेपरालेही कोणी मानत नाही."

 परतीच्या गाडीतून गावात उतरल्यावर सुमित्राबाई घरी न जाता सरळ ढिवर मोहल्ल्यात गेल्या. देवकाबाई अंगणात शेवग्याच्या शेंगा मोडत होती. तिनं उठून खाट टाकली नाही, बसा म्हटलं नाही. गोमाजीनं मान वर केली आणि पुन्हा सुतळीत घातली.

सुमित्राबाई उभ्यानंच बोलल्या. संजीव काय म्हणाला ते सारं. "माझ्या हातून झालं, देवका. उद्या मी खरं लिहितो फळ्यावर. माझ्या नावानं लिहितो."

"लिहा," देवकाबाई म्हणाली. "पन त्यानं का होईन जी? ज्याहिनं वाचलं ते वाचून बसले."

आतून बाळाचं किरकिरणं ऐकू आलं. देवकाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पोरीचं बारसं हाय सोमवारी. मी कोनाले बलावाले गेलो नाही. जाऊ तं दार लावून घेतात. माझ्या जावा येत नाही, रुपाची सासू येत नाही. पाळना म्हनाले एक बाई नाही घरात. रुपा म्हनते, नाव नोको ठेवू, आई, असंच राहू दे तिले." मग पहिल्यांदा तिनं सुमित्राबाईंकडं नीट पाहिलं. "फळ्याचं राहू द्या, काकू. तुमी पाळना म्हनाले येता का?"

गावात कोणाच्याही घरी बारसं असलं की पाळणा सुमित्राबाईंनीच म्हणायचा. सावकाराच्या घरी असो की मजुराच्या. आवाज बारीक, पण सुराला पक्का.

"येतो," त्या म्हणाल्या. "सोमवारी येतो."

गोमाजी सुतळीकडं पाहतच म्हणाला, "ते आल्या तं त्याहिच्या घरी कोन येईन मंग?" त्यात विनोद होता की नाही, ते कळलं नाही. त्याच्या विनोदाला हसायची सवय सुटली होती साऱ्यांची.

दुसऱ्या दिवशी सुमित्राबाईंनी पेपर उघडलेच नाहीत. फळ्यावर लिहिलं: गोमाजीची बातमी खोटी आहे. दोन्ही पेपरांचा मालक एक. कारखानाही त्याचाच. मासे कारखान्याच्या पाण्यानं मेले. न तपासता लिहिलं ही माझी चूक. खाली नाव घातलं. हात जोडून वळल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या, कोणी काही विचारलं तर उत्तर द्यावं म्हणून.

शकुनबाईनं मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही, कोणी चिडलं नाही. तेच सर्वांत वाईट झालं. चिडले असते तर बोलता आलं असतं.

"हे कोनत्या पेपरात आलं, काकू?" पानठेल्यावरच्यानं विचारलं, अगदी अदबीनं.

"कोणत्याच नाही. कसं येईन? दोन्ही त्याचेच आहेत."

"मंग फळ्यावर काहून घेतलं? मामाजीचा नियम होता ना जी. दोन्हीत आलं तरच."

"अरे, दोन राहिलेच नाही तं..."

"असं कसं? दोन तं येतात. हे पाहा ना." त्यानं पारावरचे दोन्ही पेपर उचलून दाखवले. वेगळी नावं, वेगळा रंग. "तुमच्याच घरचा नियम हाय. आमी तं त्याच्यावरच चालतो."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "देवका रडत आली असन घरी. काकूचं मन मऊ हाय." दुसरा म्हणाला, "माझा जवाई लागला कारखान्यात. उद्या बंद पडला तं काकू पोसन का?" तेही रागानं नव्हे. मग सारे आपापल्या कामाला लागले. जाता जाता एक म्हातारी सुमित्राबाईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाई, एवढे उपास नोको करत जाऊ व. डोक्यात गर्मी जाते."

दुपारी कोणीतरी ओल्या फडक्यानं फळा पुसला. खडूचा डबा फेकला नाही. देवळाच्या पायरीवर नीट झाकण लावून ठेवला. दोन दिवसांनी जीपमधून फ्लेक्स आला. वर दोन्ही पेपरांची नावं, मध्ये शेठचा हात जोडलेला फोटो, खाली 'वाचक कट्टा'. चौघांनी मिळून तो फळ्यावरच ठोकला. रोज ताजा पेपर लावायला त्यात प्लास्टिकचे दोन कप्पे होते. त्या दिवसापासून सुमित्राबाई आंघोळ करत, दिवा लावत, आणि सरळ पाणी पीत. पाण्याला चव लागत नव्हती. देवापुढं बसून काय मागावं, तेही उमजत नव्हतं. गोमाजीचं नाव धुवून निघावं असं मागायला गेलं तर ते कुठं धुवायचं, ती जागाच गावात राहिली नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी जुन्या मऊ लुगड्याचं टोपडं शिवून पुरं केलं. भैय्यालाल मागावर होता. धोटा थांबला.

"जाऊन राहिली का?"

"हो जी."

"तुले माहीत आहे ना काय होते ते? परवा चौकात तीन गिऱ्हाइकं मले पाहून पलीकडं गेले. फक्त फळ्याच्यापायी. आज तिथं जाऊन बसली तं मले अड्याळले कोणी उभं करन का?"

"तुमचं खरं आहे."

"खरं आहे तं मग?"

"येतो म्हटलं होतं मी तिले."

"तू गेल्यानं गोमाजी सुटते का? लाखनीचे येतात का रुपाले घ्यायले?"

"नाही येत," सुमित्राबाई म्हणाल्या. त्या नारळ पुसत होत्या. "पण पोरीचं नाव तं ठेवलं पाहिजे ना."

भैय्यालाल पुन्हा मागाकडं वळला. धोटा सुरू झाला, पण ताल लागत नव्हता. सूत तुटलं, त्यानं ते जोडलं, पुन्हा तुटलं.

अंगणाच्या कुडापलीकडून शकुनबाईनं पाहिलं.

"कुठं व, नारळ घेऊन?"

"देवकाच्या घरी. बारसं आहे. येतं का?"

शकुनबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "भाजी चुलीवर हाय माझी," ती म्हणाली, आणि मग हळूच, "नाव काय ठेवून राहिले, मले सांगजो मंग."

सुमित्राबाईंनी टोपडं, नारळ आणि साखरेची पुडी पिशवीत घातली. देवळावरून न जाणारी एक मागची वाट होती, धानाच्या बांधावरून. पण त्या चौकातूनच निघाल्या. पानठेल्यावरचं बोलणं त्या येताना थांबलं. ऊन चढू लागलं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, खालच्या आवाजात एकदा सूर लावून पाहिला, आणि ढिवर मोहल्ल्याच्या वाटेला लागल्या.